सहा झाले, उतरवा

बदनापूरला स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून नागसेन खरातचं घर आहे. बाहेरून बघितलं तर चारचौघांसारखं घर. दारात जुनी ओम्नी गाडी, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला टॉवेल, भिंतीला अर्ध्यापर्यंत निळा ऑइलपेंट. आत गेलं की मात्र नवा माणूस उंबऱ्यातच थबकतो. बैठकीच्या खोलीत जिथं सोफा असायला हवा, तिथं एक जेट विमान उभं आहे. करड्या रंगाचं, सात फूट लांब, तीन चाकांवर, नाक दाराकडे करून.

पाहुण्यांना आधी ते शोभेचं वाटतं. शोभेचं बिलकुल नाही. त्याच्या पोटात खरंखुरं टर्बाइन आहे, तेलाच्या लिटरभर डब्याएवढं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारं. पूर्वी ते रॉकेलवर चालायचं. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हापासून डिझेलमध्ये थोडं तेल मिसळून चालवावं लागतं. हातातल्या रिमोटवर ते उडतं आणि मोठ्या विमानासारखाच आवाज करतं. मग पाहुणे विचारतात, यात माणूस बसतो का? हा प्रश्न नागसेनने इतक्या वेळा ऐकला होता की तो सरळ सांगायचा, माणूस बसत नाही, मांजर बसतं. त्यावर बेबीनंदा स्वयंपाकघरातून हसायची. बेबीनंदा म्हणजे त्याची बायको. ती गेल्यावर त्याने ते उत्तर देणं सोडलं. ऐकून हसायला कुणी नसेल तर माणूस विनोद तरी कशाला करील?

विमानही तेव्हापासून उडालं नव्हतं. दीड वर्ष झालं होतं. इंजिनात बिघाड नव्हता, तेलाची अडचण नव्हती, हातही अजून थरथरत नव्हते. अडलं होतं ते एका नियमावर.

नागसेन हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होता. तिथं त्याच्या हाडीमाशी एक गोष्ट मुरली होती. इंजिन सुरू करताना माणूस एकटा नसतो. एक जण सुरू करतो आणि दुसरा आग विझवायची गॅसची बाटली घेऊन शेपटीच्या अंगाला उभा राहतो. त्याने अंगठा दाखवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकाने हा नियम मोडलेला नागसेनने पाहिला होता. तो माणूस वाचला, पण त्याचे दोन्ही हात पुढं शर्टाची बटणं लावण्याच्या कामाचे राहिले नाहीत. तेव्हा कुणी कितीही म्हणो, एवढुसं तर इंजिन, त्याला काय होतंय, नागसेन ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

नोकरी संपवून तो गावी आला. जालन्याच्या एका स्टील मिलमध्ये मेंटेनन्सला लागला आणि तिथं त्याला विमानांच्या आवाजाची आठवण यायला लागली. माणसाला गावाची आठवण येते, आईच्या हातच्या भाकरीची येते. याला इंजिनाच्या शिट्टीची यायची. आधी त्याने पंख्याची छोटी विमानं बनवली, उडवायला शिकला. मग पुण्याचा कुणी हौशी माणूस या छंदाला कंटाळला, त्याच्याकडून हे टर्बाइन हाती आलं. विमानाचं अंग नागसेनने स्वतः घडवलं, प्लायवूड आणि फायबरचं, याच खोलीत. सोफा तेव्हाच बाहेर गेला.

जागेचा प्रश्न काकासाहेबांनी सोडवला. काकासाहेब हे गावाबाहेरच्या जमिनीचे मालक, आता पंचाहत्तरीचे. त्यांनी आपल्या माळावर प्लॉटिंग पाडलं होतं. वर कमान, कमानीवर 'गोकुळनगरी' अशी अक्षरं आणि आत तीनशे मीटर सरळ डांबरी रस्ता. प्लॉट काही विकले गेले नाहीत. रस्त्यावर शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नव्हतं. नागसेनने परवानगी मागितली तेव्हा काकासाहेब म्हणाले, उडवा की फौजी, तेवढाच रस्त्याचा वापर.

आणि शेपटीच्या अंगाला बेबीनंदा उभी राहिली.

दुसरं कोण उभं राहणार होतं? मुलगी साक्षी तेव्हा शिकायला बाहेर. तर बेबीनंदाच दर रविवारी सकाळी साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि ओम्नीत बसायची. विमानाचे पंख काढून मागं ठेवायचे. धड इतकं लांब की त्याचं नाक पुढच्या दोन सीटच्या मधे यायचं. नवराबायकोच्या मधे ते नाक, आणि नाकावर तिचा हात. खड्ड्यात गाडी आदळली की ती आधी विमान धरायची, मग स्वतःला सावरायची.

रस्त्यावर पोचलं की पहिलं काम खडे वेचण्याचं. टर्बाइन समोरून हवा ओढतं, हवेबरोबर खडा गेला की खेळ खलास. हवाई दलात तर सगळी तुकडी ओळीने धावपट्टीवर चालत खडे वेचते. इथं दोघांचीच तुकडी. डाव्या बाजूने तो, उजव्या बाजूने ती, मधे एक घमेलं. तीनशे मीटर वाकून चालायचं. चालताना घरच्या सगळ्या गोष्टी व्हायच्या, साक्षीच्या परीक्षेपासून गॅस संपल्यापर्यंत. खरं सांगायचं तर त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या रस्त्यावरच झालं.

मग ती काळ्या भोंग्याची बाटली घेऊन उभी राहायची. अंगठा दाखवायची. इंजिन शिट्टी मारत पेटायचं, कधी शेपटीतून हातभर जाळ यायचा आणि ती जागची हलायची नाही. विमान उडालं की तिचं दुसरं काम सुरू व्हायचं. टाकीत आठ मिनिटांचं इंधन. उडवणाऱ्याला विमानावरून नजर काढता येत नाही, म्हणून ती मनगटावरच्या घड्याळात बघून मिनिटं ओरडायची. एक झाला. दोन झाले. एस.टी.चा कंडक्टर गावांची नावं ओरडतो तशा सपाट आवाजात. सहाव्या मिनिटाला म्हणायची, "सहा झाले, उतरवा." तो म्हणायचा, "उतरवतो." आणि उतरवायचा.

रिमोटमध्येच एक बाई होती, इंग्रजीत मिनिटं सांगणारी. पहिल्याच दिवशी ती बोलली तेव्हा बेबीनंदाने विचारलं, मी इथं उभी असताना ही कोण? नागसेनने हसून त्या बाईला बंद केलं. ती पुन्हा कधी बोलली नाही.

एकदाच गडबड झाली. अगदी पहिल्या महिन्यात. मिनिटांचा घोळ झाला, इंधन संपलं आणि पहिलं विमान शेजारच्या तुरीत जाऊन पडलं. इंजिन वाचलं, अंगाचा चुरा झाला. त्यावरून दोघांची जुंपली. नागसेन त्या दिवशी बरंच काही बोलला, घरात दोन दिवस अबोला होता. पण तो विषय तिथंच मिटला. त्यानंतर अकरा वर्षं, शेकडो उड्डाणं, बेबीनंदाचं एक मिनिट चुकलं नाही.

परतताना ती गाडीत नेमानं विचारायची, "आज कसं उडालं?"

तो कधी कधी वैतागायचा. म्हणायचा, तू तर तिथंच होतीस की. ती म्हणायची, असू द्या, तुमच्या तोंडून ऐकू द्या. मग तो सांगायला लागायचा: चढताना कसं डावीकडे ओढत होतं, मोसंबीच्या बागेवरून वळताना उन्हात पोट कसं चमकलं, खालून सुसाट नेलं तेव्हा आवाज कसा मागून आला. रेल्वे फाटक येईपर्यंत सांगणं चालायचं. त्याला वाटायचं, हिला यातलं काही कळत नाही, माझ्यासाठी विचारते बिचारी. मनातून त्याला ते आवडायचंही.

जुलैत तिला ताप आला. साधाच वाटला. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरला, पुन्हा चढला आणि मग सगळं फार जल्दी झालं. संभाजीनगरच्या दवाखान्यात पाच दिवस. सहाव्या दिवशी सकाळी नागसेन एकटाच जिन्यावर बसला होता आणि त्याच्या हातात तिचं घड्याळ होतं. नर्सने काढून दिलेलं. ते चालू होतं.

लोकांनी करायचं ते सगळं केलं. विहारात वंदना झाली, पाहुणे आले, जेवले, गेले. साक्षी पंधरा दिवस राहून पुण्याला परतली. घरात तो आणि विमान उरले. एकटेपण हे काही मोठ्या प्रसंगी जाणवत नाही, तेव्हा माणसं असतात. ते जाणवतं पंखाचा स्क्रू पिळताना, जेव्हा पंख धरायला दुसरा हात लागतो आणि तो नसतो. नागसेन पंख गुडघ्यावर टेकवायचा, स्क्रू दातात धरायचा आणि पिळायचा. सगळं जमवून घेतलं त्याने. अंगठा तेवढा जमवता येत नव्हता.

माणसं शोधली नाहीत असं नाही. मिलमधला जुना सोबती अप्पाराव दर वेळी म्हणायचा, येतो की, त्यात काय. तीन रविवार नागसेन विमान गाडीत भरून त्याची वाट बघत बसला. एकदा अप्पारावची सोयरीक निघाली, एकदा पाठ धरली, एकदा फोनच उचलला नाही. चौथ्या रविवारी नागसेनने स्वतःच फोन केला नाही. मग बॅटरीचा दुकानदार बबलू आला, चाळिशीचा, उत्साही. त्याने बाटली हातात घेतली, छाती काढली आणि इंजिनाची पहिली शिट्टी ऐकताच बाटली जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. नागसेनने इंजिन तिथंच बंद केलं, विमान गाडीत भरलं आणि बबलूला त्याच्या दुकानावर सोडलं. बबलूला काय चुकलं ते आजही कळलेलं नाही.

तिसरं माणूस शोधायला त्याचं मन होईना. खरं तर आता त्याला भीती वाटायला लागली होती. आग लागण्याची नव्हे. हळूहळू न उडवण्याचीच सवय होईल आणि एक दिवस ते विमान खरोखरच शोभेचं होऊन बसेल, ही भीती.

जानेवारीत काकासाहेब स्टेशन रोडवर भेटले. प्लॉट शेवटी एका बिल्डरने घाऊक घेतले होते.

"फौजी, पुढच्या सोमवारी लाइटीचे पोल येऊन राह्यले," ते म्हणाले. "रस्त्याच्या दोन्ही अंगाला. तुम्हाला सांगावं म्हणलं."

पोल म्हणजे तारा. तारा म्हणजे विमान तिथं पुन्हा कधीच नाही. पंचक्रोशीत दुसरा तसा सरळ, मोकळा रस्ता नव्हता, हे नागसेनला पुरतं ठाऊक होतं. तो बरं म्हणाला. मग का कोण जाणे, तिथंच हातगाडीशेजारी उभं राहून त्याने काकासाहेबांना सगळं सांगितलं. नियम, अंगठा, अप्पाराव, बबलू. इतकं तो दीड वर्षात कुणाशी बोलला नव्हता.

काकासाहेब ऐकत राहिले. या दोघांचं नातं सांगायला अवघड आहे. अकरा वर्षं काकासाहेब रविवारी कमानीपाशी येऊन उभे राहायचे, इंजिन पेटलं की निघून जायचे. बेबीनंदा दर वेळी थर्मासातला चहा पुढं करायची आणि काकासाहेब दर वेळी म्हणायचे, आत्ताच घेऊन निघालो. का घेत नाहीत ते तिला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. ती तरीही दर रविवारी एक कप जास्तीचा आणायची. नागसेन चिडायचा. ती म्हणायची, मी माझं काम करते, ते त्यांचं करू द्या.

"मी उभा राह्यलो तर चालंल का?" काकासाहेबांनी विचारलं.

नागसेनला आधी वाटलं गंमत करताहेत. पण ते गंमत करत नव्हते.

शनिवारी त्याने त्यांना इंजिन न लावता तीनदा सगळं करून दाखवलं. बाटलीची पिन कशी उपसायची, भोंगा कुठं धरायचा, अंगठा केव्हा. शेपटीतून जाळ आला तर घाबरायचं नाही, तो येतोच. पाठीवर पसरला तरच बाटली. काकासाहेब शिकले बराबर, पण रविवारी सकाळी ते कमानीपाशी आले ते एक भिजवलेलं पोतं आणि मातीने भरलेलं टोपलं घेऊन. कडब्याच्या गंजीला आग लागते तेव्हा शेतकरी हेच करतो, त्यांनी आयुष्यात दोनदा केलं होतं. नागसेनने समजावलं की इंजिनात मूठभर माती गेली तर आगीपेक्षा वाईट. काकासाहेबांना ते पटलं नाही, तरी त्यांनी टोपलं कमानीमागे नेऊन ठेवलं.

मग ते इकडंतिकडं बघत म्हणाले, "चहा न्हाई आणला का? बाई आणायच्या, थर्मासात."

नागसेनने आणला नव्हता. आणावा हे डोक्यातच आलं नव्हतं. काकासाहेबांनी मान खाली घातली, बाटली उचलली आणि ते आपल्या जागेवर गेले. ते आज घरून चहा न घेता आले होते, हे नागसेनला कळलं. अकरा वर्षं उशीर झाला होता आणि त्याला आता कुणीच काही करू शकत नव्हतं.

खडे त्याने एकट्याने वेचले. आधी डावी बाजू, मग परत येऊन उजवी. उजव्या बाजूने वाकून चालताना त्याच्या लक्षात आलं की या बाजूने तो कधी चाललाच नव्हता. इथून मोसंबीची बाग दिसते, रेल्वेची लाइन दिसते. ती हे बघत चालायची.

साक्षीने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, पप्पा, मोजायला कुणी नसेल तर रिमोटमधल्या बाईला चालू करा. तो हो म्हणाला होता. आता त्याने रिमोटमध्ये ती जागा काढली. बोट ठेवलं आणि तसंच मागं घेतलं. काकासाहेब आहेत की मोजायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बेबीनंदासाठी बंद केलेल्या बाईला तिच्यामागं बोलतं करणं त्याच्या जिवावर आलं. त्याने खिशातून तिचं घड्याळ काढलं आणि काकासाहेबांना दिलं. बायकी घड्याळ, पट्टा लहान. त्यांच्या मनगटाला बसेना म्हणून त्यांनी मुठीत धरलं. दर मिनिटाला ओरडायचं, सहाला उतरवा म्हणायचं. एवढंच ना, काकासाहेब म्हणाले.

वारा नव्हता. दोन्ही बाजूंना हरभरा ओला होता. काकासाहेबांनी अंगठा दाखवला.

नागसेनने बटण दाबलं. आधी बारीक गुणगुण, मग शिट्टी, मग धप्प असा आवाज आणि शेपटीतून हातभर जाळ. काकासाहेबांचं सगळं अंग कमानीकडे, मातीच्या टोपल्याकडे वळलं. पाय मात्र हलले नाहीत. जाळ आत गेला. शिट्टी चढत चढत एका पातळीवर स्थिर झाली आणि तो वास सुटला, दीड वर्षं न आलेला, जळक्या तेलाचा. नागसेनचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीला पुसले, कारण आता डोळ्यांचंच काम होतं.

विमान रस्त्यावरून धावलं आणि उठलं. जड काही सुटल्यासारखं ते नेहमीच उठतं, पण त्या दिवशी ते फारच सहज उठलं. मोसंबीच्या बागेवर वळलं, पोट उन्हात चमकलं. मागून "एक झाला" असा आवाज आला. नागसेनने ते लाइनच्या दिशेने लांब नेलं, उलटं केलं, सरळ केलं, खाली आणलं आणि रस्त्यावरून डोक्याच्या उंचीने सुसाट काढलं. विमान पुढं निघून गेलं आणि आवाज मागून आला. "दोन झाले," काकासाहेब ओरडले, जरा थांबून.

त्यानंतरचं नागसेनला नीट सांगता येत नाही. इतका वेळ आपण जिवंत नव्हतो असं काहीतरी त्याला वाटलं. हात आपोआप चालत होते. त्याने ते उंच नेलं, आणखी उंच, तिथून गोल फिरवत खाली आणलं, पुन्हा वर नेलं. त्याला घाई नव्हती, कारण त्याच्या लेखी अजून दोनच मिनिटं झाली होती. अकरा वर्षं वेळ त्याने स्वतः कधी मोजलाच नव्हता. वेळ त्याच्या पाठीमागून बोलत यायचा. आवाज आला नाही तर मिनिटही पुढं सरकत नव्हतं.

आणि विमान बागेच्या पलीकडे असताना इंधन संपलं, इंजिनाचा आवाज थांबला.

माळावर एकदम शांत झालं. वर विमान होतं, पण त्याला आवाज नव्हता. नागसेनने नाक रस्त्याकडे वळवलं, चाकं खाली सोडली. उंची होती, पण अंतर जास्त होतं. तो नकळत मोठ्याने म्हणाला, "उतरवतो, उतरवतो." कुणाला म्हणाला ते त्याला म्हटल्यावर कळलं. विमान तसंच मुकाट्याने खाली येत राहिलं, रस्त्याच्या अलीकडे चाळीसएक पावलांवर हरभऱ्यात टेकलं, चाकं मोडली, एक पंख उलटा झाला आणि थांबलं.

तो वळला. काकासाहेब होते तिथंच उभे होते. मान वर, तोंड उघडं, बाटली पायाशी आणि घड्याळ मुठीत घट्ट. मूठ मिटलेली होती.

"चूक झाली फौजी," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. "वर बघितलं अन् मंग घड्याळाचं भानच राह्यलं न्हाई. एवढी वर्षं जाळ दिसला की मी घरी जायचो, वर उडताना कधी बघितलंच न्हवतं." मग अपराध्यासारखं, पण खरं ते म्हणाले, "ते सोडून घड्याळात कोण बघंल हो?"

कोण बघेल?

नागसेन हरभऱ्यात शिरला. विमानाशी पोचेपर्यंत ते वाक्य त्याच्या बरोबर चालत होतं. मोडलेल्या चाकाशी तो वाकला आणि त्याला याच माळावरची तूर आठवली, पहिल्या महिन्यातली. त्या दिवशीही विमान असंच पडलं होतं. बेबीनंदाही अशीच मान वर करून उभी होती, तोंडावर हसू आलेलं आणि मिनिटं चुकलेली. आणि तो तुटका पंख हातात घेऊन तिच्यावर ओरडला होता. शब्द त्याला आता जसेच्या तसे आठवले. "तुला विमान बघायला आणलं न्हाई. तू घड्याळात बघ. वर बघायचं काम माझं."

ती दोन दिवस बोलली नव्हती. आणि त्यानंतर अकरा वर्षं तिचं एक मिनिट चुकलं नाही.

म्हणजे तिने बघितलंच नाही. दर रविवारी ती त्या रस्त्यावर उभी होती, कानात सगळा आवाज, डोक्यावर सगळं आभाळ, आणि नजर मनगटावर. म्हणून ती विचारायची. त्याच्या आनंदासाठी नव्हे. तिला खरंच माहीत नव्हतं. आज कसं उडालं, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि तो वर तिलाच ऐकवायचा, तू तर तिथंच होतीस.

नागसेन हरभऱ्यात बसला आणि रडला. दवाखान्याच्या जिन्यावर रडला नव्हता, विहारात रडला नव्हता. तो ओल्या रोपांमध्ये मांडी घालून, मोडक्या पंखावर हात ठेवून रडत राहिला. काकासाहेब मागून आले. त्यांना वाटलं विमानासाठी. ते शेजारी उभे राहिले, मग हळूहळू गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि म्हणाले, जाऊ द्या फौजी, दुरुस्त होतं. नागसेनने त्यांची समजूत काही बदलली नाही.

दोघांनी मिळून धड उचललं, गाडीत सरकवलं. काकासाहेबांनी मूठ उघडून घड्याळ परत दिलं. त्यांच्या तळव्यावर त्याचा गोल वळ उमटला होता. पुढच्या रविवारी आपण चहाला घरी येऊ का, असं त्यांनी विचारलं. नागसेन म्हणाला, या. मग ते पोतं आणि टोपलं घेऊन आपल्या वाटेनं गेले.

तो गाडीत बसला. विमानाचं नाक नेहमीसारखं दोन सीटच्या मधे आलं होतं, त्याला हरभऱ्याचा पाला चिकटला होता. त्याने तो काढला. घड्याळ डाव्या सीटवर ठेवलं, तोंड वर करून. गाडी सुरू केली, कमानीतून बाहेर काढली आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सांगायला लागला. घाईने नाही, आणि काही गाळून नाही. रस्ता सोडताना चाकं कशी सुटतात आणि लगेच पोटात जातात. वळलं की एक पंख खाली जातो आणि दुसरा आभाळात उभा राहतो. करडा रंग वर गेला की करडा राहत नाही. पोटावर उन्हाचा पट्टा नाकापासून शेपटीपर्यंत सरकत जातो, आणि उलटं केलं की तोच पट्टा पाठीवर येतो. इतकी वर्षं तिला दिसतंच आहे असं समजून जे जे सोडून दिलं होतं, ते सगळं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि सांगणं चालू ठेवलं. मालगाडी लांबलचक होती. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने काचेतून आत बघितलं, हा माणूस एकटाच कुणाशी बोलतोय म्हणून, आणि तोंड फिरवलं. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा नागसेन अजून दुसऱ्याच मिनिटापर्यंत आला होता.